बॉयलरकाका गच्चीवर

कपडे धुण्याच्या कारखान्यात तळघरात बॉयलर आणि बॉयलरपाशी काका. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नाही, आणि तळघरात वाफेचा आवाज इतका की बोलून उपयोग नाही. त्या आवाजात कान निम्मे गेले. डबा बॉयलरच्या पाठीवर ठेवायचा, जेवणापर्यंत गरम राहायचा. सोबत म्हणायची तर तेवढीच.

मग कर बदलला. आधी माणूस कामावर ठेवला की मालकाला त्याच्या पगारावर कर भरावा लागायचा. तो कर उठला आणि कारखान्याच्या धुरावर बसला. त्यासाठी आम्ही कामगार संघटनेच्या बायकांनी चौकात घसे फोडले होते, आजही फोडू. माणसाला काम दिल्याचा दंड कसला घेता? मालकानं काही पुण्य म्हणून नव्हे, परवडतं म्हणून बॉयलर विझवला, कपडे वाळवायची यंत्रं विकली, गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि बायका कामाला घेतल्या. ज्यांना आजवर कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या.

काकांना मालक म्हणाला, शनिवारपर्यंत ठरवा. गच्चीवर कपडे वाळत घाला, नाहीतर तुम्ही मोकळे.

समजूत घालायला मी तळघरात गेले. काका थंड बॉयलरला टेकून बसलेले. सवयीनं डबा वरच ठेवलेला, आतलं जेवण गारढोण. मी म्हटलं, कपडे वाळत घालण्यात कसला आलाय कमीपणा?

काका नेहमीसारखे ओरडूनच बोलले, "कमीपणा नाही गं पोरी. वर सगळ्याजणी बोलतात, मला ऐकू येत नाही. इथं कुणालाच ऐकू यायचं नाही, म्हणून चालून गेलं."



शनिवारी काका वर आले आणि दारातूनच "कुठली दोरी?" म्हणून गरजले. बायकांतली सगळ्यात आगाऊ म्हणाली, "हळू काका, खालची गल्ली वर बघतेय." सगळ्या हसल्या. काकांना फक्त हसणारी तोंडं दिसली. तेही हसले, जरा उशिरा. मग ओल्या चादरींची टोपली उचलून शेवटच्या दोरीकडे गेले.

बायकांचे डबे उन्हानं तापलेल्या पत्र्यावर रांगेत होते. काकांनी आपला थोडा लांब ठेवला. त्या आगाऊ बाईनं तो ओढून रांगेत घेतला.

जेवायच्या वेळी काका तो उचलून चादरींपलीकडे जाऊन बसले. हात सारखा डब्याच्या बुडाला लागत होता. डबा गरम होता.