आवडाबाईंच्या शून्य फेऱ्या

थळच्या आवडाबाई तीस वर्षं सकाळी सहाच्या एसटीने अलिबागच्या बाजारात मासळी नेत होत्या. ती गाडीच बंद होणार असं कळलं, तेव्हा त्या टोपलीसकट एसटीसाठी प्रवाशांचं सर्वेक्षण करणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, कंप्युटर म्हणतो, पुढच्या वर्षी या गाडीला रोज पाच ते पन्नास प्रवासी मिळतील. नक्की सांगता येत नाही, म्हणून साहेबांनी पाचच धरले."

"पाच ते पन्नास? असा भाव मी सांगितला तर गिऱ्हाईक टोपली डोक्यात घालील माझ्या!"

कंप्युटरला घातलेल्या घरोघरच्या नोंदींतून प्रणालीने टॅबवर त्यांच्या घरची नोंद काढली. नवऱ्याच्या, म्हणजे अंबाजींच्या, एसटीच्या रोजच्या फेऱ्या चार, आवडाबाईंच्या शून्य.

"ह्ये कोणी सांगितलं?"

"काकांनी. ओट्यावर बसले होते. म्हणाले, बायको घरीच असते."

अंबाजी दहा वर्षांत चहाच्या टपरीपलीकडे गेले नव्हते. प्रणाली घरोघर हिंडली होती सकाळी अकराला. तेव्हा बायका बाजारात असतात आणि ओट्यांवर नवरे.

"अगो पोरी, तुझ्या यंत्रात खोट न्हाय. खोट आमच्या ओट्यावर बसलेली हाय. उद्या गाडीतच ये नि तिथं विचार."

प्रणाली आली. तिला बसायला जागा मिळाली नाही. टोपल्यांमध्ये उभ्यानेच तिने त्रेचाळीस बायका लिहून घेतल्या आणि त्याच यादीवर पुढे गाडी वाचली.

उतरताना आवडाबाईंनी अंबाजींच्या नावापुढचे चार खोडायला लावून शून्य घालून घेतलं.

"ह्ये मात्र नक्की लिही," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात पाच-पन्नास न्हाय."