केंड्रेलसाठी मांडून ठेवलेली खुर्ची

पिट्सबर्गच्या आमच्या चढणीच्या गल्लीत गाड्या फार आणि जागा थोडी. त्यामुळे कामावर जाताना माणूस घरासमोरच्या जागेत एखादी जुनी खुर्ची ठेवून जातो. खुर्ची दिसली की जागा धरलेली. असा काही कायदा नाही, पोलीसही त्यात पडत नाहीत, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याशी मग गल्लीत कोणी धड बोलत नाही. बर्नाडेट हुडाकची खुर्ची हिरवी, प्लास्टिकची, एका पायाने अधू. तिच्या समोरच्या घरची, स्टेला द्वोर्स्कीची, पिवळी. स्टेलाचा नवरा एमिल जाऊन अकरा वर्षं झाली, गाडी त्याच वर्षी विकली, तरी पिवळी खुर्ची रोज सकाळी बाहेर येते. सगळे कुरकुरतात, पण तिथे गाडी कोणी लावत नाही.

बर्नाडेट, म्हणजे आमची बर्नी, आता साठीला आली. बाप बस डेपोत मेकॅनिक, आई दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात विकायला पिरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वळायची. बर्नी तेविसाव्या वर्षी शहराच्या बास्केटबॉल संघात तिकीट खिडकीवर लागली. तिकिटं खपत नव्हती, त्यामुळे वेळच वेळ. खिडकीमागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कोणीतरी एक जाडजूड बाड अडकवून ठेवलं होतं. बाईने ते उचलून वाचायला घेतलं. लीग आणि खेळाडूंमधला करार होता तो, शेकडो पानांचा. दोन हिवाळ्यांत तिने तो संपवला, आणि मग वरच्या मजल्यावरचे वकील शंका विचारायला गुपचूप खाली तिच्या खिडकीशी येऊ लागले. शेवटी मालकालाच लाज वाटली आणि त्याने तिला वर बसवलं. दार आपटायचं ते आपटतंच, पण आज संघात कोणाला किती पगार देता येतो हे बर्नीला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

आणि संघ तरी कसला! गेल्या हंगामात ब्याऐंशीतले चौसष्ट सामने हरला. तिचा मेहुणा रविवारच्या जेवणाला मुद्दाम विचारायचा, की बर्नी, तुमचे लोक चेंडू कुठे टाकायचा असतो ते शिकले का गं? बर्नी शांतपणे सूप वाढायची. तिला माहीत होतं की हे हरणं हिशोबातलं आहे. प्रत्येक संघाला वर्षाच्या पगाराची एक मर्यादा असते. तीन वर्षं त्यांनी महागडे, थकलेले गडी एकेक करून दुसऱ्यांच्या गळ्यात घातले, कोवळी पोरं जमवली आणि ऑफिसातला पगारांच्या हिशोबाचा फळा पुसून ठेवला. या जुलैत पहिल्यांदाच फळ्यावर खरी मोकळी जागा होती, दोन कोटी चाळीस लाख डॉलरची. ती व्हिटफील्डसाठी होती. व्हिटफील्ड म्हणजे यंदा करार संपून मोकळा झालेला, कोणत्याही संघात जाऊ शकणारा मोठा खेळाडू.

पण फळ्यावर एक खुर्चीही मांडलेली होती. केंड्रेल पेटवेची.

केंड्रेल अलाबामाचा, पंचवीस वर्षांचा, तीन वर्षं अगदी किरकोळ पगारावर जीव तोडून खेळलेला. त्याचाही करार संपला होता. नियम असा, की आपल्याच जुन्या खेळाडूला मर्यादा ओलांडूनही हवा तो पगार देता येतो. अट एकच, तोवर त्याची जागा फळ्यावर धरून ठेवायची. जुना पगार छोटा, म्हणून केंड्रेलची धरलेली जागा फक्त बावीस लाखांची होती. तेव्हा आधी मोकळ्या पैशात व्हिटफील्डला घ्यायचं आणि त्यानंतर केंड्रेलला वर्षाला एक कोटी वीस लाख द्यायचे, असं ठरलं. तोवर केंड्रेलने नुसतं थांबायचं. सही नाही, कागद नाही, तोंडी शब्द. आणि तो शब्द त्याला द्यायचं काम संघाचा कारभार पाहणाऱ्या डग राडेमाकरने बर्नीच्या गळ्यात टाकलं होतं.

तिने त्याला गल्लीतल्या खुर्च्यांवरूनच समजावलं. केंड्रेलला हसू आवरेना. त्याच्या गावाकडे अंगणात दहा गाड्या मावतात.

"पण मिस बर्नी, ती खुर्ची कोणी उचलली तर अडवतं कोण?"

"कोणी नाही. तरी कोणी उचलत नाही, पोरा."

"आणि माझी?"

"तुझी डग उचलू शकतो. त्याला पूर्ण हक्क आहे. उचलली तर इथे तुला देण्यासारखं काही उरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

जुलैच्या सहा तारखेला सह्या सुरू झाल्या. व्हिटफील्ड महाशय मात्र मासे पकडायला गेले. सात गेली, आठ उजाडली. आठला दुपारी केंड्रेलचा फोन आला. दुसऱ्या एका शहराने त्याला वर्षाला नव्वद लाख देऊ केले होते, तीन वर्षांसाठी, आणि उत्तर उद्या सकाळी दहाच्या आत हवं होतं. त्याने एवढंच विचारलं, की खुर्ची आहे ना अजून?

खोटं बोलणं सोपं होतं. पण बर्नीच्या शब्दावर एक पोरगा दोन कोटी सत्तर लाख सोडायला निघाला होता. गुडघा दुखावला, व्हिटफील्डने नाटकं केली, डगचं डोकं फिरलं, काहीही झालं तरी तो रस्त्यावर. ती म्हणाली, "आत्ता आहे. उद्याचं मला माहीत नाही. तुझ्या जागी माझा मुलगा असता तर काय सांगितलं असतं, तेही मला माहीत नाही."

मग त्याने तिच्या घराचा पत्ता विचारला. चर्चची जत्रा आहे ना तिकडे, म्हणाला, पिरोगी खाईन म्हणतो. तिने नुसती चर्चखालची गल्ली सांगितली, घराची खूण द्यायची राहिलीच, आणि ती कामाला लागली. त्या संध्याकाळी तिला ऑफिसातून निघायला उशीरच झाला.

नऊला सकाळी दहाला पाच मिनिटं असताना केंड्रेलच्या एजंटचा निरोप आला, की त्याने तिकडे नाही कळवलं आहे. साडेदहाला व्हिटफील्डचा एजंट जागा झाला. त्याला दरवर्षी दोन कोटी पंचावन्न लाख हवे होते, चारही वर्षं. म्हणजे पंधरा लाख कमी पडत होते.

डग दाढी न केलेला, तीन दिवसांचा शर्ट घातलेला, फळ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पेटवेला उचल. बावीस सुटतात."

"मी त्याला शब्द दिलाय, डग. तूच द्यायला लावलास."

"शब्द फळ्यावर दिसत नाही, बर्नी."

सदतीस वर्षांत तिने वरिष्ठांवर आवाज चढवला नव्हता, आणि आजही चढवला नाही. तिने फळा पुसायचं डस्टर त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, पूस तूच, पण आधी आपले गडी मोज. डगने मोजले. केंड्रेल आणि येणारा व्हिटफील्ड धरून बारा. त्याने पुन्हा मोजले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

बारापेक्षा कमी गडी झाले तर प्रत्येक रिकाम्या जागेचेही नवख्या खेळाडूच्या पगाराइतके, जवळजवळ बारा लाख, मर्यादेत धरले जातात. फळा रिकामा करण्यात ज्यांची तीन वर्षं गेली, तेच लोक हे विसरू शकतात. बावीस जाऊन बारा परत येणार, सुटणार फक्त दहा, हवेत पंधरा. म्हणजे पोरगाही जाणार आणि व्हिटफील्डही हाती लागणार नाही.

मग तिने तो उपाय सांगितला जो डगला नको होता. पहिल्या वर्षी दोन कोटी चाळीसच द्यायचे आणि दरवर्षी नियमात बसते तेवढी वाढ. चार वर्षांची बेरीज त्याच्या मागणीपेक्षा थोडी जास्तच होते. डग कुरकुरला, की चौथ्या वर्षी आपल्या कोवळ्या पोरांचे पगार वाढतील तेव्हा हे जड जाईल. जाईल, बर्नी म्हणाली, तेव्हा मी असेन किंवा दुसरं कोणी असेल, काढू मार्ग. दुपारी एजंटने बेरीज पाहिली आणि हो म्हटलं. बर्नी बाथरूममध्ये जाऊन दार लावून रडली, तोंड धुतलं, आणि केंड्रेलला फोन केला.

सही दुसऱ्या दिवशी झाली. कागदांवर सह्या करता करता बर्नीने विचारलंच, की अरे, मी तर तुला काहीच भरवसा दिला नव्हता, मग थांबलास कशाच्या जोरावर?

"तुमच्या गल्लीत आलो होतो," केंड्रेल म्हणाला. "जत्रेमुळे सगळीकडे गाड्याच गाड्या. मी कोपऱ्यावर पिरोगीची प्लेट घेऊन पाऊण तास उभा होतो. चार जण तुमच्या खुर्चीपाशी थांबून पुढे गेले. पाचवा तर उतरला. खुर्ची धरली, उचलली, इकडे तिकडे बघितलं. कोणी नव्हतं, मिस बर्नी, मी सोडून. मग त्याने ती परत होती तशी ठेवली आणि निघून गेला. मी तिथूनच एजंटला फोन केला."

"माझी हिरवी खुर्ची?" बर्नी म्हणणार होती. पण तो पुढे बोलत होता.

"ती तुमची पिवळी खुर्ची. जुनी आहे, पण छान आहे."

ती खुर्ची स्टेलाची आहे हे न सांगता बर्नीने मान डोलावली आणि शेवटचं पान त्याच्यापुढे सरकवलं. त्या संध्याकाळी तिने जत्रेतून दोन प्लेट पिरोगी घेतल्या, एक स्टेलाच्या घरी नेली, आणि दोघी खिडकीशी बसून खात असताना एमिलच्या जागेकडे बघत राहिल्या.