तीन पायांच्या खुर्च्या

माझी वहिनी लोकांच्या मोडक्या खुर्च्या गोळा करते. तिला विचाराल तर ती सांगेल की ती जुन्या वस्तूंना नवं आयुष्य देते. मी आपली 'ती खुर्च्या गोळा करते' असंच सांगते. तिच्या घरी गेलात तर बसायला मिळेलच याची खात्री नाही, कारण निम्म्या खुर्च्यांना बैठक नसते आणि उरलेल्यांचं पॉलिश ओलं असतं. एकदा मी घाईत टेकले आणि पाठीमागे तपकिरी पट्टे घेऊन गावभर हिंडून आले. कुणी सांगितलंही नाही.

लग्नाआधी ती फोटो स्टुडिओत कामाला होती. ओळखपत्रांचे फोटो काढून काढून तिला माणसांच्या चेहऱ्यांचा वीट आला होता. खुर्ची कशी, 'माझे डोळे मिटले, परत काढा' म्हणत नाही. म्हणून मग खुर्च्यांचे फोटो आणि त्या फोटोंचा ब्लॉग. खुर्ची आली तशी, अर्धी झालेली आणि पुरी झालेली, असे फोटो ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी काढायची, कारण उजेड तिथंच बरा. खाली लिहायची की कुठला सांधा निखळला होता, रंगाचे किती थर खरवडले. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, खुर्चीच्या पायाशी, बारीक अक्षरात तिचं नाव. माझा भाऊ याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचा. पण माणसं ते वाचायची आणि आपल्या माळ्यावरच्या खुर्च्या उतरवून तिच्याकडे आणायची, तेव्हा त्याचं तोंड बंद झालं.

लाकडाचं काम वहिनीचं. वेताची बैठक विणायची ती माझ्या आईनं, म्हणजे वहिनीच्या सासूनं. आई वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालते, चौकटीच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून पट्टी ताणते, आणि ओढताना खालचा ओठ आत घेते. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसतं. सासूसुनेचं भांडण होताना मी कधी पाहिलं नाही. गूळपीठ आहे असंही नाही. दोघींच्या मध्ये खुर्ची असते एवढंच.

एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्या वहिनीकडे यायच्या होत्या. "काम राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दुकानातले फोटो स्वतःचे म्हणून दाखवणाऱ्यांकडे मला काही द्यायचं नाही." वहिनीला आधी कळेचना. मग बाईंनी बाजारातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान पाठवलं. त्यावर वहिनीच्या खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या आणि वर लिहिलं होतं, 'आमच्या कारागिरांची कमाल'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे मला ठाऊक होतं, पण इथं चोर आपला गप्प होता आणि गिऱ्हाईकच त्याच्या वतीनं बोंबलत होतं.

दुकानवाल्यांनी घोटाळा मात्र असा केला होता की हसावं की रडावं कळेना. कोपऱ्यातलं नाव घालवायचं म्हणून फोटोची कड कापली होती, आणि नावाबरोबर खुर्चीचा पायही गेला होता. सगळ्या खुर्च्या तीन पायांवर उभ्या. वहिनीनं चारी पायांचे मूळ फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवले. बाई भल्या होत्या, लगेच फोन केला. "मी चुकीचाच दात धरला," म्हणाल्या. काम परत मिळालं.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण वहिनी धड जेवेना. "नखं काढावीत तसं माझं नाव कापून टाकलं गं," ती मला म्हणाली. "मला त्यांचं काही नको. माझं नाव तेवढं परत लावा म्हणावं." दुकानाला तिनं निरोप पाठवले, ते त्यांनी वाचले, उत्तर काही आलं नाही. शेवटी मीच म्हटलं, तोंडावर जाऊन विचारू. मी सोबत निघाले, कारण राग आला की वहिनीला रडू फुटतं आणि मला फुटत नाही. आई म्हणाली, मीही येते, दुकान तरी बघीन.

दुकानात शिरलो आणि वहिनी दारातच थबकली. समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, तिचा एक फोटो मोठा करून लावला होता. अर्धी विणलेली बैठक आणि तिच्यावर वेत ओढणारे दोन हात. त्याच्याखाली दुकानदार बसला होता. माणूस गोड होता. पाणी विचारलं, बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ते इंटरनेटवर होतं," तो म्हणाला. "तिथलं सगळं सगळ्यांचंच असतं."

"तुमच्या खुर्च्या बाहेर फुटपाथवर आहेत," मी म्हटलं. "जाताना एक घेऊन जाते."

तो हसला. मग म्हणाला, पान बघणाऱ्या माणसाची चूक झाली, फोटो काढून टाकतो, नाहीतर नाव लावतो, तुम्ही सांगाल तसं. वहिनी म्हणाली, नाव लावा. रडली मात्र नाही. त्यानं किमतीची पाटी लिहितात तसलं कोरं कार्ड घेतलं आणि तिनं सांगितलेलं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं.

आई तोवर भिंतीपाशी गेली होती. चष्मा वर करून, खाली करून बघत होती. "अगं," ती म्हणाली, "हे माझे हात."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. स्वतःचे हात एवढे मोठे तिनं कधी पाहिले नव्हते, इतकंच. "अंगठ्याला पट्टी बघ. वेत लागला होता तेव्हाचे."

दुकानदारानं भिंतीकडे पाहिलं, आईच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे विण यांची?"

"हो," वहिनी म्हणाली.

"पण तुमच्या पानावर यांचं नाव कुठंच नाही. मी सगळं वाचलंय." मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे आमच्या माणसानं वाचलंय."

मला त्याचा मनस्वी संताप आला, कारण तो खरं बोलत होता. घरून निघताना मी त्याच्यासाठी चांगली दहा उत्तरं घोटून ठेवली होती, त्यातलं एकही इथं चालेना.  वहिनीनं 'आमचं घरचंच काम आहे' असं काहीतरी म्हटलं असतं तर मी साथ दिली असती आणि आम्ही तिघी बाहेर पडलो असतो.

"नाही लिहिलं मी," ती म्हणाली. "चुकलंच. आणखी एक कार्ड घ्या." मग आईकडे वळली. "आई, नाव काय लिहायचं तुमचं?"

मला वाटलं, हा काय प्रश्न. पण आईनं विचार केला. मग स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढं आडनाव लावलं ते तिच्या वडिलांचं. "विण त्यांनी शिकवली," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांना खुंटीसुद्धा सरळ ठोकता यायची नाही." दुकानदारानं तसंच लिहिलं.

परतताना आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. मग वहिनी म्हणाली, "आई, तुम्ही कधी म्हणाला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तिथं फोटो काढणाऱ्याचंच नाव घालायची पद्धत असेल."

"आणि आज लिहिलं ते आवडलं?"

"न आवडायला काय झालं," आई म्हणाली. मग जरा चालून पुन्हा म्हणाली, "आवडलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर वहिनी कॉम्प्युटरसमोर बसली होती. एकेक खुर्ची उघडत होती आणि आपल्या नावाखाली 'विण' म्हणून आईचं नाव घालत होती. आई बादलीजवळ बसून डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीला पट्टी ओढत होती. मी येण्याआधीपासून दोघींचं चाललं असावं. वहिनी वाचून दाखवायची, आई मान हलवायची. असं करत वहिनी मागं मागं गेली आणि अगदी पहिल्या खुर्चीपाशी पोचली.

"ती दाखव," आई म्हणाली आणि हातातलं काम ठेवून उठली. कॉम्प्युटरला नाक लावून तिनं ती बैठक निरखली. "हिच्यावर माझं नाव नको."

"का?"

"ही तू विणली होतीस, मी आजारी होते तेव्हा. बघ किती वाकडी आहे. असली विण मी माझ्या वडिलांच्या नावावर कशी घालू?"

वहिनी हसली आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. आईनं ओल्या हातानं तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि परत जाऊन पट्टी उचलली, कारण वेत वाळत चालला होता. ती एक खुर्ची तेवढी अजून वहिनीच्या एकटीच्या नावावर आहे. खाली तिनं लिहिलंय, विण माझी, सासूबाईंनी नाकारलेली.