नंबरवाल्यांची पगारवाढ

नंबरवाले दोन होते. एक अंधाऱ्या खोलीतले आणि एक उजेडातले. माणूस एकच, पण दोघांची एकमेकांशी ओळख नसावी इतका फरक.

चष्म्याच्या दुकानात फ्रेमांची काचेची कपाटं संपली की एक जाड पडदा लागे. त्याच्या आत डोळे तपासायची खोली, आणि तिथं नंबरवाल्यांचं राज्य. बँकेचा मॅनेजर येवो, शाळेच्या मुख्याध्यापिका येवोत, नाहीतर ज्यांच्यापुढे वकील चळाचळा कापतात ते जज्जसाहेब येवोत, नंबरवाले सगळ्यांना एकाच आवाजात सांगायचे, "हनुवटी इथं टेका. कपाळ पुढं. हलू नका. वाचा." आणि ती बडी बडी मंडळी शहाण्या मुलासारखी वाचायची. पण पडदा सारून तेच नंबरवाले बाहेर दुकानात आले की त्यांची शेळी व्हायची. गल्ल्यावर बसलेल्या मालकांपुढे तर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

डोळ्यांचा नंबर काढतात म्हणून गावानं त्यांना हे नाव दिलं होतं. बायकोसुद्धा शेजारणीपाशी "आमचे नंबरवाले" असंच म्हणायची. नोकरीला चोवीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी पगारवाढ मागायचा प्रयत्न तीनदा केला, आणि तिन्ही वेळा जे झालं ते त्यांच्या स्वभावाला शोभेल असंच झालं. पहिल्या खेपेला मालकांनी खांद्यावर हात ठेवून घरच्यांची विचारपूस केली. नंबरवाले इतके गहिवरले की पगाराचं राहूनच गेलं. दुसऱ्या खेपेला ते मागायला गेले आणि रविवारी अर्धा दिवस यायचं कबूल करून परत आले. तिसऱ्या खेपेला हातात भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. भिंगांच्या कंपनीनं मालकांना फुकट दिलेलं. ते स्वयंपाकघरात लागलं आणि पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं मागं पडू लागलं. बायकोनं त्या घड्याळाचं नाव पगारवाढ ठेवलं. "अहो, पगारवाढ पुन्हा बंद पडलीय, जरा सेल घाला," असं ती पाहुण्यांसमोर खुशाल म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी मालकांनी कॉम्प्युटरवर नंबर काढणारं मशीन आणलं आणि उरलीसुरली आशाही संपली. गिऱ्हाइकानं आत डोकावायचं, बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर. मालक कौतुकानं म्हणायचे, "आता नंबर मशीन काढतं, हे फक्त बटण दाबतात." नंबरवाले ऐकून घ्यायचे आणि आत जाऊन मशीनचा नंबर पुन्हा आपल्या हातानं तपासायचे. हातात धरायचा रेटिनोस्कोप, त्यातून येणारी उजेडाची बारीक पट्टी, ती डोळ्यात इकडून तिकडं फिरवायची आणि आतला लाल प्रकाश कुठल्या बाजूला सरकतो ते पाहत भिंगं बदलायची. मशीन दहा वेळा बरोबर निघे, अकराव्यांदा चुके. त्या अकराव्या माणसाला आपण वाचलो हे कधीच कळत नसे, त्यामुळं आभार मानायलाही कुणी येत नसे.

मुलगी लहानपणी शाळा सुटली की त्याच खोलीत येऊन बसायची. घरी कुणी नसायचं, आई शिवणाच्या कारखान्यात. अंधारात पोर करणार काय? बापाच्या हातातली उजेडाची पट्टी डोळ्यात फिरवायला शिकली. पुढं तिनं डोळे तपासण्याचा चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रमही केला, परीक्षा दिली, आणि बाविसाव्या वर्षी तिला पहिली नोकरी लागली. कुठं, तर डोंगरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, जिथं बस शेवटची थांबते आणि ड्रायव्हरही मुक्कामाला कुरकुरतो अशा ठिकाणी.

"एवढी शिकून आडरानात?" नंबरवाले खट्टू झाले. त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत असा, की शहर जेवढं मोठं तेवढा पगार मोठा. मग मुलीनं पगाराचा आकडा सांगितला. तो त्यांच्या पगाराच्या दीडपट होता.

"पहिल्या नोकरीला एवढा?" नंबरवाले ओरडलेच. "तिथं डोळे तपासायचेत की काढायचेत?"

त्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटलं. त्यांनी आपल्या जुन्या वर्गमित्राला फोन लावला. तो मोठ्या शहरात चकचकीत शोरूममध्ये होता, अंगावर कोट, छातीवर बिल्ला. नंबरवाले त्याच्यावर वीस वर्षं मनातून जळत आले होते. तो म्हणाला, "पगार तुझ्या दुप्पट आहे, पण खोलीचं भाडं ऐकलंस तर तुझा नंबर वाढेल. दोन तास जायला, दोन तास यायला. आणि डोळे कुठले तपासतोय? महागाच्या फ्रेमा खपवतोय. तोंड उघडलं की साहेब म्हणतात, बाहेर पन्नास पोरं उभी आहेत."

"आणि अनुभवाचं काय?"

"पहिली आठ-दहा वर्षं वाढतो रे पगार. मग माणसाच्या नंबरासारखा स्थिर होतो. डोंगरात मात्र कुणी टिकत नाही, म्हणून मोजतात. तुझी मुलगी हुशार आहे."

म्हणजे आपण सिद्धांत चोवीस वर्षं उलटा धरला होता तर. नंबरवाल्यांना मुलीचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी छातीत बारीकसं काहीतरी टोचलं. खोटं कशाला बोला, त्यांना वाईट वाटलं होतं. पैशाचं कमीच. आपली चोवीस वर्षं हिच्या शिक्षणाच्या चार वर्षांपेक्षा हलकी निघाली, याचं जास्त.

बायकोनं तोंड पाहूनच ओळखलं. "मालकांकडं जा आणि मुलीएवढा पगार मागा. चोवीस वर्षांना तेवढी तरी किंमत हवी. नाहीतर उद्या पोरगी सुट्टीवर आली की तिच्या नजरेला नजर देता येणार नाही तुम्हाला."

"मागतो."

"आणि या खेपेला घड्याळ नको. भिंतीला जागा नाही."

आता मागायचं कसं? बाहेर उजेडात आपली बोबडी वळते हे नंबरवाले जाणून होते. मालकांना पडद्याच्या आत आणायला हवं होतं, आणि मालक तर चष्म्याच्या नावानं फटकून वागायचे. वय बावन्न, बिल वाचताना कागद हात लांब करकरून धरायचे, आताशा हातही अपुरे पडू लागले होते, पण "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. तेवढ्यात नशिबानं साथ दिली. मालकांनी एका फ्रेमेवरची किंमत वाचताना आठाचे तीन वाचले आणि दुकानातली सगळ्यात महाग फ्रेम मातीमोलानं विकली. गिऱ्हाईक पावती घेऊन जवळजवळ पळतच गेलं. संध्याकाळी मालक स्वतःहून म्हणाले, "उद्या सकाळी जरा बघा हो माझे डोळे. कुणाला बोलू नका."

नंबरवाल्यांनी त्या संध्याकाळी घरी बसून वाचनाचं कार्ड तयार केलं. जवळचं बघायला असं कार्ड देतात, वरची ओळ मोठी, मग खाली खाली अक्षर बारीक होत जातं. एरवी त्यावर पक्ष्यांविषयी किंवा स्वच्छतेविषयी चार कंटाळवाणी वाक्यं असतात. नंबरवाल्यांनी त्या जागी आपलं मनोगत टाईप केलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं आणि बायकोपुढं धरलं.

बायकोनं वाचलं. "छान आहे. पण मागणी कुठाय?"

"ती काय. शेवटच्या ओळीत."

"मला तर तिथं मुंग्या दिसतायत."

तेव्हा नंबरवाल्यांच्या ध्यानात आलं. सवयीनं घात केला होता. जन्मभर कार्ड असंच पाहिलेलं, मोठ्याकडून बारकाकडं. हातानं आपोआप सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात बारीक अक्षरात टाकली होती. छपाईचं दुकान बंद झालं होतं.

"म्हणजे आता आधी त्यांचा नंबर बरोबर काढा, मग पगार दिसेल," बायको म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी मालक पडद्याच्या आत आले. खुर्चीत बसताच म्हणाले, "मशीनवर काढा. उगाच वेळ नको."

नंबरवाल्यांनी मशीनवर काढला. चिठ्ठी बाहेर आली. मालकांनी ती हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, मग परत दिली. "काय म्हणतंय?"

"नंबर शून्य. डोळे उत्तम."

"बघा! मी सांगत होतो."

"मग आता हे वाचा," नंबरवाल्यांनी खुर्चीवरचा दिवा लावून कार्ड हातात दिलं. खोली त्यांची होती आणि आवाज आपसूक खोलीतलाच निघाला. "मोठ्यानं. वरून."

"माझी चोवीस वर्षे सेवा झाली," मालकांनी वाचलं. "कुणाची?"

"प्रश्न नाही विचारायचा. पुढं वाचा."

"गेली नऊ वर्षे पगार जागचा हललेला नाही." मालकांनी मान मागं नेली. "मशीन आल्यापासून... किंमत... किंमत कमी झाली, काम नाही." त्यांनी कार्ड गुडघ्यापर्यंत नेलं, परत वर आणलं. "पुढचं नीट छापलेलं नाही."

"छापलेलं आहे."

"मशीन म्हणतंय डोळे उत्तम!"

"मशीन लांबचं सांगतं, मालक. जवळचं माणसाला बसून विचारावं लागतं."

नंबरवाल्यांनी तपासणीची जड फ्रेम मालकांच्या नाकावर चढवली आणि पेटीतली भिंगं एकेक घालू लागले. हे बरं की ते बरं? हे? की हे? असं विचारता विचारता ते पगार विसरले. खरंच विसरले. दोन्ही डोळ्यांना एकसारखं भिंग चालेना, डाव्याला थोडं जास्त लागत होतं, ते पाव नंबरानं कमी-जास्त करण्यात ते असे रंगले की समोर मालक आहेत याचंही भान राहिलं नाही. शेवटी मालक म्हणाले, "आता दोन्ही सारखीच." या धंद्यात हे वाक्य आलं की समजायचं, नंबर जुळला.

"वाचा."

मालकांनी कार्ड धरलं, मांडीपासून वीतभर अंतरावर, आरामात, पुस्तक धरावं तसं. "माझ्या मुलीला पहिल्याच नोकरीत माझ्या दीडपट पगार आहे. तेवढाच मलाही मिळावा." आणि त्याखाली आकडा होता. तो त्यांनी मनात वाचला.

 नंबरवाल्यांना एकदम आपण काय केलं ते आठवलं आणि ते पेटीतली भिंगं उगाचच पुन्हा लावू लागले.

मालकांनी बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "एखादं उणे भिंग घाला बरं. त्यातून लहान दिसतं ना?"

"दिसतं लहान," नंबरवाले म्हणाले. "असतं तेवढंच."

हे आपण बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. मालकांनी जड फ्रेम हळूच काढली, कार्ड पुसट झालं, पुन्हा लावली, स्पष्ट झालं. असं त्यांनी दोनदा केलं. "चार वर्षं झाली असतील मी नीट वाचून," ते पुटपुटले. "आणि मी त्या डबड्यावर..." मग आवाज चढवून म्हणाले, "चोवीस वर्षांत एकदा तरी तोंड उघडलंत का? मी काय ज्योतिषी आहे? मुलीएवढा देतो. एक पैसा जास्त नाही. आणि हे कार्ड फाडा, गिऱ्हाइकाच्या हातात गेलं तर माझी शोभा होईल."

नंबरवाल्यांनी हो म्हटलं आणि कार्ड खिशात घातलं. फाडायला ते काही एवढे वेडे नव्हते.

घरी बायकोनं बातमी ऐकली आणि आधी स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं. मग मुलीला फोन लावून नंबरवाल्यांच्या हातात दिला. मुलगी ऐकून किंचाळली आणि हसली.

"बाबा, एक सांगू? जाहिरातीत माझा पगार एवढा नव्हताच. तुमच्या जुन्या पगारापेक्षाही थोडा कमीच होता."

"मग?"

"मुलाखतीच्या दिवशी तिथली वीज गेली. मशीन बंद. खुर्चीत एक आजोबा बसलेले, चार तास चालत आलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता उद्या या. मी रेटिनोस्कोप काढला, भिंगांची पेटी घेतली आणि नंबर काढून दिला. तुम्ही शिकवला होता तसा. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे आता कुणाला येत नाही, अनुभव किती वर्षांचा?"

"काय सांगितलंस?"

"चोवीस."

"अगं, तू बावीस वर्षांची!"

"त्याही हेच म्हणाल्या. मी म्हटलं, बाबांचा धरून. हसल्या, आणि पगार वाढवून लिहिला."

नंबरवाल्यांनी फोन कानापासून दूर धरला. छातीत टोचत होतं ते कुठं गेलं कोण जाणे, पण डोळे भरून आले. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं.

"अंधाऱ्या खोलीतून उजेडात आलं की पाणी येतं डोळ्याला."

"उजेडात येऊन तास झाला तुम्हाला," बायको म्हणाली आणि पदर पुढं केला.

नंबरवाल्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"चोवीसच कशाला सांगितलंस?" ते मुलीला दरडावून म्हणाले. "तुझी शिक्षणाची चार वर्षं मिळवायची होतीस की. मागताना माणसानं कधी कमी मागू नये."