मगदूम मॅडमचा मिथाईल

झाकलेलं ताट उघडून बघू नये, एवढं वळण मला कुणी लावलं नाही. स्टाफरूममध्ये मी एकटाच. ताटात चिकू मांडलेले. प्रत्येकाला चार काड्या टोचलेल्या, तीन काड्यांच्या टोकाला एकेक द्राक्ष आणि चौथी काडी बोडकी. शेजारी द्राक्षांची पिशवी. मॅडमना घाई झाली असणार, असं मला वाटलं. मी मराठीचा मास्तर. ‘रिकाम्या जागा भरा’ हे उभा जन्म शिकवलेलं. बोडक्या काड्यांवर द्राक्षं खोचली, उरलेली पोटात घातली आणि ताट होतं तसं झाकून ठेवलं.

ते ताट चंदनबाला मगदूम मॅडमचं. कुपवाडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवतात. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण त्याची रीत उलटी. पोरगं चुकलं तर त्या शांतपणे समजावतात. घोकलेलं बरोबर उत्तर फाडफाड आलं की भडकतात. शिपाई बिराप्पानं एकदा सुचवलं, “चिकू म्हाग पडत्यात, बटाटं घ्या की.” तर तीन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. जैनाच्या घरात बटाटा! द्राक्षं मात्र भावाच्या बागेतली.

त्या दिवशी मॅडम सकाळपासूनच धुमसत होत्या. संस्थेचे सचिव मानसिंगराव त्यांचा तास बघायला येणार होते. तास पटला नाही तर अकरावीचं रसायनशास्त्र सांगलीच्या क्लासवाल्यांच्या हातात जाणार होतं. वीस वर्षं खडू झिजवून आता ही परीक्षा! रागाच्या तिरीमिरीत त्यांनी ताट आणि पिशवी तशीच उचलली आणि वर्गात नेली. मीही मागच्या बाकावर मानसिंगरावांशेजारी जाऊन बसलो.

“कार्बनला चार हात,” मॅडम म्हणाल्या. “तीन हातांत हायड्रोजन, चौथा मोकळा. हा मिथाईल गट. मोकळ्या हातानं तो दुसऱ्याला धरतो. सृष्टी, दोन मिथाईल जोड.”

सृष्टीनं दोन चिकू उचलले, फिरवून फिरवून पाहिले.

“मॅडम, जोडू कुठं? मोकळा हातच न्हाई. चारीबी भरल्यात. ह्यो मिथाईल न्हवं, मिथेन हाय.”

मॅडमनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या ओठाला द्राक्षाचं साल चिकटलेलं होतं.

मानसिंगराव हसले. “मॅडम, एका चिकूत तुमचा तास गेला. क्लासवाले तेवढ्यात धडा संपवतात.”

“धडा संपतो, साहेब. पोरं तिथंच राहतात!” मॅडमचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. “तुमचा पृथ्वीराज रोज सकाळी त्याच क्लासला जातो ना? ऊठ रे.”

पृथ्वीराज उठला आणि न विचारताच सुटला, “मिथाईल, इथाईल, प्रोपाईल, ब्युटाईल...”

“पुरे! हा चिकू घे. याचा मिथाईल करून दाखव.”

पोरानं चिकू हातात घेतला, बापाकडं पाहिलं आणि पिशवीत आणखी एखादं द्राक्ष मिळतंय का ते चाचपू लागला. वर्ग खदखदला.

“हसू नका!” मॅडम कडाडल्या. “त्याची चूक नाही. त्याला कुणी हातात दिलंच नाही कधी. सृष्टी, दाखव त्याला.”

सृष्टीनं चिकूवरचं एक द्राक्ष उपटलं. “आता झाला मिथाईल.” दुसऱ्याचंही उपटलं. मग पृथ्वीराजनंच एका चिकूची मोकळी काडी उपसली आणि त्या भोकात दुसऱ्याची मोकळी काडी घुसवली. “ह्यो इथेन व्हय गं?” त्यानं हळूच विचारलं.

“व्हय,” सृष्टी म्हणाली.

मानसिंगराव पोराच्या तोंडाकडं बघत बसले. मग उठून म्हणाले, “मॅडम, तास तुमच्याकडंच राहू द्या. आणि ह्याला जरा पुढच्या बाकावर घ्या.”

व्हरांड्यात मी मॅडमना गाठलं. त्यांचा चेहरा अजून लालच होता. मी म्हणालो, “बघा मॅडम, म्हणजे तुमचा तास शेवटी माझ्यामुळंच वाचला!”

“तास पोरांनी वाचवला, तुम्ही नुसती द्राक्षं खाल्लीत.”