मी खा

इथे परदेशात, क्लेटनला, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत माझं काम आवाजांचं आहे. संशोधकांनी रेकॉर्ड केलेल्या फायली सर्व्हरवर नीट चढल्या का, प्रत्येकीला भाषेचं नाव आणि भाषांतर जोडलंय का, हे मी बघते. जोडलं नसेल तर मेल करते. भाषांमधलं मला काही कळत नाही. पुण्याहून आयटीच्या व्हिसावर आलेली बाई मी, रिकामा रकाना दिसला की मला चैन पडत नाही.

तसा एक रिकामा रकाना मुइनाने नावाच्या भाषेपुढे होता. चाळीस मिनिटं बोलणाऱ्या एका म्हातारीचा आवाज. फाइल चढवणारी मुलगी आमच्याच मजल्यावर पीएचडी करत होती, कोलंबियातल्या जंगलातून आलेली, स्वतः मुइनाने जमातीची. मी तिला दोनदा मेल केला, 'भाषांतर बाकी आहे.' तिसऱ्यांदा मायक्रोवेव्हपाशी तोंडीच विचारलं. "देते," म्हणाली आणि विषय बदलला. मला वाटलं, आळशी आहे.

पुढे आम्ही डबा एकत्र खायला लागलो. तिच्याकडून कळलं, रबर गोळा करून घेणाऱ्यांनी तिच्या पणजोबांच्या पिढीची माणसं राबवून, मारून संपवली. उरलेल्यांच्या पोरांना मिशनच्या शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायच्या. आता ती बोलणारे सगळे मिळून एखाद्या मंगल कार्यालयात सहज मावतील, आणि त्यातही तरुण थोडेच. आणि मी, माझा स्वभावच मेला तसा, दोन चांगले शब्द बोलायचे सोडून फुशारकी मारली, "आमची मराठी बघ, कोट्यवधी लोक बोलतात. माझी सात वर्षांची लेक इथेच जन्मली, तरी तिला सगळं समजतं."

"मग आण की तिला," ती म्हणाली. लहान मुलांसाठी तिने एक चाचणी तयार केली होती, ती गावी पाठवण्याआधी कुणावर तरी करून बघायची होती. चित्रातली मुलगी आपणच आहोत असं समजायचं आणि आपण काय करतोय ते सांगायचं. मी लगेच हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लेकीला घेऊन गेले. चित्रांचा खेळ तिला आधी इंग्रजीत समजावला; प्रश्न मात्र मराठीत मीच विचारायचे होते. पहिल्या चित्रात मुलगी फळ खात होती.

"तू काय करतेयस?"

"मी खा," लेक म्हणाली.

मला हसू आलं. दुसऱ्या चित्रात मुलगी खुर्चीवर बसली होती. "मी बस." तिसऱ्यात धावत होती. "मी पळ." मग झोपलेल्या बाईचं चित्र आलं. "आई झोप," ती म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघायला लागली.

खा, बस, पळ, झोप, आटप, आण. तिच्याकडची सगळी क्रियापदं हुकमाची होती. गप्पा, लाड, मैत्रिणींच्या चौकशा इंग्रजीत आणि मराठी फक्त कामाला लावण्यापुरती, हे आमच्या घरात कधी ठरलं? कुणी ठरवलं? सात वर्षं मी ते ऐकलंच नव्हतं, आणि म्हणे मी आवाजांचं काम करते.

माझी मैत्रीण हसली नाही. तिने रेकॉर्डर बंद केला.

"माझंही असंच आहे," ती म्हणाली. "आईवडील माझ्याशी स्पॅनिशच बोलायचे. मुइनानेत बोलायची ती फक्त आजी, आणि तेही पाणी आण, इकडे ये, बस, एवढंच. गेल्या वर्षी ती खूप आजारी पडली. ती झोपायची त्या झोळीपाशी मामाने फोन धरला. मला फक्त विचारायचं होतं, दुखतंय का? ते मला मुइनानेत येईना, आणि स्पॅनिश तिला कळत नव्हतं. मग येत होतं तेच बोलले. खा. झोप. उठू नकोस. मरणाऱ्या आजीला मी हुकूम सोडत होते."

"आणि ती?"

"ती चाळीस मिनिटं बोलली, मी रेकॉर्ड करत राहिले. मधूनमधून 'ये' तेवढं मला कळलं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. दोन मेल करून मी जिचं भाषांतर मागत होते, ती फाइल हीच होती.

"मामाला विचार ना," मी म्हटलं.

"विचारलं. तो म्हणाला, ती तुझ्याशी बोललीय. तू शीक, मग तूच ऐक."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "नो वरीज," आणि चित्रं गोळा करायला लागली.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरूच केलं नाही. जो प्रश्न माझ्या मैत्रिणीला तिच्या आजीला विचारता आला नव्हता, तसाच एखादा साधा, मायेचा प्रश्न मला माझ्या लेकीला मराठीत विचारायचा होता. किती सोपं असायला हवं होतं ते. शेवटी मागे वळून म्हटलं, "दमलीस का गं?"

तिने घाईघाईने सीटबेल्ट लावला. सीटवरचे पाय खाली घेतले. पाण्याची बाटली दप्तरात कोंबली. मी अजूनही बघतेच आहे म्हटल्यावर तिचा चेहरा रडवेला झाला.

"आई," ती म्हणाली, "व्हॉट डू यू वॉन्ट मी टू डू?"