कायमचा पत्ता

शेजारच्या काकांइतका नियमांवर जीव टाकणारा माणूस सबंध भिलाईत झाला नसेल. कारखाना उभा राहत होता, कॅम्प-१मध्ये धुळीने ओळखीचा माणूस ओळखू येत नसे, आणि हे वर्ध्याकडचे कारकून त्या धुळीत उभे राहून लोकांना रजेचे नियम समजावत. कुणाची सासू वारली तरी आधी विचारत, "रजेचा अर्ज देल्ला का?" आणि मग डोळे पुसत. विदर्भातून नव्याने नोकरीवर आलेल्या प्रत्येकाला त्यांचा उपदेश ठरलेला: "कायमचा पत्ता गावचाच लिवा. गावी जायाले रेल्वेचं भाडं भेटते." भाडं खरंच मिळे. उन्हाळ्यात आमच्या ओळीतली निम्मी बिऱ्हाडं काकांना दुवा देत गाडीत बसत.

मी आणि त्यांची सुमन एकाच वर्षी मॅट्रिक झालो. ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पण पाठीवर धाकटी भावंडं, त्यामुळे शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर चूल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काकांनी आम्हाला ओट्यावर बसवून उत्पन्नाची अट, गुणांची अट, फीमाफी वेगळी नि शिष्यवृत्ती वेगळी, हे सगळं असं घोटून घेतलं की पुढे रसायनशास्त्रही मला इतकं कुणी शिकवलं नाही. "पोरगी नियमात बसते," असं म्हणून ते खुशीत मांडी थोपटत.

आम्ही तिघं शिष्यवृत्तीचे अर्ज द्यायला दुर्गला कॉलेजात गेलो. माझे वडील रेल्वेतून कारखान्यात आलेले, त्यांचा जन्मच दुर्गचा. माझं काम झालं. सुमनच्या वेळी तिथल्या बाबूने काकांचा नोकरीतला कायमचा पत्ता पाहिला, वर्ध्याचा. "आप तो बाहर के हैं. ये सिर्फ अपने राज्यवालों के लिए है." काका तडक वर्ध्याला जाऊन आले, तेही कारखान्याच्या भाड्याने. तिकडे सांगितलं, राज्य आता वेगळं झालं. मुलगी भिलाईत शिकली, तर भिलाईतच मागा.

"जाऊ द्या ना बाबा," सुमन म्हणाली, "मले कुठं शिकाचं होतं?"

"खोटं नको बोलू व माय," काका म्हणाले, आणि चपला न काढता तसेच खाली बसले.

मला त्यांची फार माया वाटे, म्हणून कॉलेजातून आलो की त्यांच्या ओट्यावर टेकायचो. नियमांचं ते आता चुकूनही बोलत नसत. "आज काय शिकवलं रे?" एवढं मात्र रोज विचारत, आणि सगळं तपशिलाने सांगायला लावत. मी सांगत असे. आत सुमनच्या भांडी घासण्याचा आवाज तेवढा वेळ थांबलेला असे.